सेवादासचा उजेड

मालेगावहून वाशीमकडे निघालं की डाव्या हाताला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानाला लागून, संघदीपची पत्र्याची शेड लागते. गाडीतलं वायरिंग, सेल्फ, हॉर्न, वायपरची मोटर, जे जे म्हणून बॅटरीवर चालतं ते सगळं तिथे दुरुस्त होतं. माणूस हुशार आणि शब्दाचा पक्का. दिलेल्या वेळेला गाडी तयार म्हणजे तयार. नसलेला बिघाड दाखवणार नाही, गिऱ्हाइकाला फुकट चकरा मारायला लावणार नाही. एवढं सगळं असून संघदीप सुखी नव्हता, आणि त्याचं कारण तीन वर्षांपूर्वी मेलं होतं.

कारणाचं नाव सेवादास. दोघंही वाशीमला एकाच उस्तादाकडे शिकले, एकाच वर्षी मालेगावात आले आणि रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसले. संघदीपकडे मल्टीमीटर होता, वायरिंगचे नकाशे होते, आयटीआयचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेलं होतं. सेवादासकडे नुसता हात होता. तांड्यावरून सायकलीने यायचा, बॉनेटवर तळवा टेकवून थोडा वेळ गप्प उभा राहायचा आणि नेमकी तीच वायर बाहेर ओढायचा जी तुटलेली असायची. लग्न केलं नाही, कुणाशी भांडला नाही, पाटी लावली नाही. तरी गिऱ्हाईक संघदीपच्या दारावरून रस्ता ओलांडून त्याच्याकडे जायचं.

कावीळ होऊन तो गेला तेव्हा संघदीप त्याच्या मातीला गेला होता. घरी येऊन आंघोळ करताना त्याला जे हलकं हलकं वाटलं, त्याची त्याला आजही लाज वाटते. वाटलं, सुटलो. पण मेल्या म्हशीला मणभर दूध, हे तो विसरला होता. जिवंतपणी सेवादासच्या हातून चार-दोन कामं तरी बिघडायची. मेल्यावर एकही बिघडेना. 'सेवादास असता तं' हे शब्द संघदीपने इतक्या वेळा ऐकले होते की आता नुसती सुरुवात झाली तरी त्याच्या कपाळाची शीर ताठ व्हायची. जिवंत माणसाच्या पुढे जाता येतं. मेलेल्याच्या पुढे कुठून जायचं?

ऑक्टोबरातली गोष्ट. सोयाबीन निघालं होतं. रस्त्याने दिवसभर ट्रॅक्टर धावत होते आणि मळणीच्या कुटाराची, भुशाची, बारीक धूळ सगळ्या दुकानांवर बसत होती. अशा एका सकाळी मेडशीचे रामकिसन काका आपली पांढरी गाडी घेऊन आले. गाडी वीस वर्षांची, पण लेकरासारखी सांभाळलेली. सीटवर त्यांच्या बायकोने, सोजरबाईंनी, स्वतः शिवलेली कव्हरं होती.

"बटनं दिसत नाही बावा अंधारात," काका म्हणाले. "माझी काच खाली घ्यायले जातो तं बुढीची खाली येते. मंग ते वरडते, थंडी वाजून राह्यली म्हणून."

दारावरची काचांची चार बटणं आणि समोरची तीन, अशी सात. पार्किंग लाइट लावला की त्यांच्या आतून उजेड यायला हवा. तो महिन्याभरापासून बंद होता.

"सातही एलईडी टाकून देतो काका. लख्ख दिसन."

"लख्ख नको रे बावा. सेवादासनं टाकला होता तसाच पाह्यजे. बारा वर्षांमागं त्यानं करून देल्ले होते हे. असा उजेड होता का, लांबून घरी येताना वाटे, कोणी जागं हाय आपल्यासाठी."

संघदीप हसला. हसताना त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. उद्या दुपारी न्या म्हणाला. काका किल्ली देऊन मेडशीच्या एसटीकडे गेले.

त्याने दारावरचं आणि मग समोरचं बटणांचं पॅनल प्लास्टिकच्या पट्टीने अलगद उचकटलं, पालथं केलं. मागच्या बाजूला छोटे होल्डर असतात, स्क्रूड्रायव्हरने पाव फेरा दिला की बाहेर येतात, आणि त्यात तांदळाच्या दाण्याएवढा बल्ब. कंपनीच्या गाडीत त्या बल्बवर हिरवी रबरी टोपी असते. इथे टोप्या नव्हत्या. बल्ब रंगवलेले होते. ब्रशने, एकसारखे, टोकाला रंग जरा पातळ ठेवलेला, म्हणजे उजेड पुढे जास्त पडावा. ना लाल, ना केशरी. जुन्या बायका कुसुंबी म्हणतात तो रंग. त्याने एक बल्ब नाकाशी नेला. नेलपॉलिश. बारा वर्षांनी वास उरायला नको होता. उरला होता.

काम इतकं नेटकं होतं की संघदीपने तो बल्ब पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. हे आपल्याला सुचलं नसतं, हे त्याला आधी कळलं आणि त्याचा राग नंतर आला.

त्याने सातही बल्बांना मल्टीमीटर लावून पाहिला. एकालाही मीटर बोललं नाही. आतली तार तुटलेली. मेलेले बल्ब, विषय संपला. एलईडी वाशीमहून संध्याकाळच्या एसटीने येणार होते. तोवर होल्डर हरवू नयेत म्हणून त्याने जुनेच बल्ब परत बसवून ठेवले आणि करंट बटणांपर्यंत नीट येतो का ते पाहायला घेतलं. भर दिवसा एवढा बारीक उजेड दिसत नाही, म्हणून अशा कामाला तो गाडीच्या काचांवर जुन्या सतरंज्या टाकतो आणि आत अंधार करून बसतो. त्या दिवशीही बसला. करंट येत होता, वायर शाबूत होती. मग त्याने पार्किंग लाइट बंद केला, किल्ली काढून खिशात टाकली आणि अंधारातच हत्यारं गोळा करू लागला.

एक वाजला असावा. त्याच्या मनगटावर रंग पडला.

त्याने मान वर केली. सातही बटणं लागली होती. रामकिसन काकांनी सांगितलं तसाच उजेड होता, मऊ, डोळ्याला न लागणारा. काचेचा बाण, पंख्याचं चित्र, सगळं स्पष्ट दिसत होतं.

संघदीपचे वडील पंजाबराव यांनी त्याला लहानपणी एकच गोष्ट शिकवली होती. भूतबीत काही नसते, आधी फ्यूज पाहाय. त्याने फ्यूज पाहिला. नुसता पाहिला नाही, काढून हातात घेतला. उजेड तसाच.

"डब्बा ठेवला वो," बाहेरून रूपाचा आवाज आला. "जातो मी. दुकान उघडंच टाकून आलो."

रूपा म्हणजे त्याची बायको. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत तिचं बांगड्या-टिकल्यांचं दुकान. लग्नाला पंधरा वर्षं झालेली, एकुलती मुलगी वाशीमला वसतिगृहात. रोज एक वाजता डबा आणून ठेवायचा आणि उभ्या पायी परत जायचं, हा तिचा शिरस्ता. तिच्या चपलांचा आवाज दूर गेला. बटणं हळूहळू मंद झाली आणि विझली.

संघदीप अंधारात बसून राहिला. मग तो उतरला, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची एक वायर सोडवून बाजूला केली. आता गाडी म्हणजे नुसता पत्रा. त्याने रूपाला फोन लावला.

"पाणी संपलं. एक बॉटल आणून देतं काय?"

"आताच तं आलो होतो. तवा काहून नाही सांगतलं?"

"आण म्हणतो ना."

तो परत आत बसला, दार लावून घेतलं आणि सतरंजीचं एक टोक उचलून बाहेर नजर ठेवली. रूपा आली. डोक्यावर पदर, हातात बाटली, उन्हाने डोळे बारीक केलेले. ती विजेच्या खांबापाशी पोचली आणि आत बटणांमध्ये रंग उमटला. ती पुढे येत गेली तसा तो वाढत गेला.

संघदीप खाली उतरला. "थांब," तो म्हणाला. "मागं सर. खांबाच्या तिकडं."

"काहून?"

"सर ना."

ती सरली. त्याने आत डोकावलं, अंधार. ये म्हणाला, ती आली, उजेड. पुन्हा मागे पाठवली, पुन्हा बोलावली. खांबापासून गाडीच्या दारापर्यंत अकरा पावलं होती, त्याने मोजली. मोजायची त्याला सवयच होती.

"काय खेळ लावला भर उन्हात?" रूपा म्हणाली.

इथे एक सांगायला हवं. संघदीपला भीती वाटली नाही. वाटली असती तर बरं झालं असतं, तो गाडी ढकलत मेडशीला नेऊन आला असता. त्याला जे वाटलं ते जुनंच होतं, वीस वर्षांपासून ओळखीचं. रस्त्यापलीकडच्या दुकानात गर्दी पाहून छातीत जे पेटायचं ते. फक्त या वेळी पलीकडे गिऱ्हाईक नव्हतं, बायको होती. मेलेल्या बल्बांवर तो सकाळपासून घाम गाळत होता, त्याला ठिणगी मिळाली नव्हती. आणि ही नुसती चालत आली तर सेवादासचे सातही दिवे लागत होते.

"आत बस," तो म्हणाला.

रूपा ड्रायव्हरच्या सीटवर बसली, तो बाजूला. दारं लावली. सतरंज्यांखाली गदमदत होतं. बटणांच्या उजेडात तिचा चेहरा त्याने इतक्या जवळून बऱ्याच दिवसांनी पाहिला, आणि तो उजेड तिला शोभत होता, हेही त्याला सहन होईना.

"अवं माय," ती म्हणाली. "हा तं मी इकत होतो तो रंग."

"कोणाले इकत होती?"

"सेवादासभाऊले. दोन-तीन महिन्याले येये, एक शिशी ने. कंपनीनं तो नंबर बंद केला मंग." तिने बटणावरून बोट फिरवलं. "बल्बाले लावाले नेत होता काय? मी म्हणो, याले ना बायको ना बहीण, कोणाले नेते हा."

"काय बोले?"

"काय बोलन? शिशी घे, जाय."

"काहीच नाही बोलला कधी?"

रूपाने आठवून पाहिलं. लपवायचं काही नव्हतं, म्हणून तिने ते जसंच्या तसं सांगितलं. "पहिल्या खेपेले म्हणे, वैनी, तुमच्या नखाले लावून दाखवा. शिशीत एक दिसते, लावल्यावर एक दिसते. मंग देल्ला दाखवून. सगळ्यांईलेच दाखवतो, दुकानदार हाय मी. त्यानं हात उन्हात धराले सांगतला, पाह्यला, म्हणे हाच पाह्यजे."

हे खरं होतं. रंग विकणाऱ्या बाया आपल्याच नखावर लावून दाखवतात, संघदीपने घरात हजारदा पाहिलं होतं. रूपाच्या दहा बोटांना दहा रंग असायचे, तो त्यावरून तिला चिडवायचा. पण आता त्याला फक्त एक हात दिसत होता, उन्हात धरलेला, आणि त्यावर वाकून पाहणारा एक माणूस, जो बॉनेटवर नुसता तळवा टेकवून सगळं ओळखायचा.

"मले नाही सांगतलं कधी."

"तुमी कवा इचारलं? दिवसाले वीस बाया येतात, वीसांचं सांगत बसू काय?"

"किती दिवस राह्यला तो रंग?"

"कोणता?"

"नखावरचा."

पंधरा वर्षांत रूपाने त्याला असं पाहिलं नव्हतं. मग तिने दार उघडलं, उन्हात उतरली. "जेवून घ्या," एवढंच म्हणाली आणि गेली.

ती खांबाच्या पुढे गेली. रस्ता ओलांडून गल्लीत वळली. बटणं विझली नाहीत.

त्याने बराच वेळ वाट पाहिली. मग सातही होल्डर फिरवून काढले, बल्ब काढले आणि बाकावर चहाच्या बशीत ठेवले. ना वायर, ना बॅटरी, खाली चिनीमाती. बशीत सात दाणे पेटलेले होते. त्याने त्यांच्यावर हात धरला तर तळव्याला ऊब लागली नाही, पण तळवा कुसुंबी झाला.

संघदीपने पक्कड घेतली.

पहिला फुटला तेव्हा भाजलेला हरभरा दाताखाली फुटतो तेवढाच आवाज झाला. मग दुसरा. तिसरा. त्याला बरं वाटत होतं, हे तो पुढे कुणापुढेही कबूल करणार नव्हता. सहा झाले. सातव्याकडे पक्कड नेली, तर तो आपोआप विझला. विझला तरी त्याने तो फोडला. काचेचा चुरा नालीत टाकला. हाताला ताज्या नेलपॉलिशचा वास बसला होता. तो पेट्रोलने गेला नाही, साबणाने गेला नाही. डबा तसाच राहिला.

संध्याकाळी एलईडी आले. त्याने ते बसवले, उलट-सुलट करून बरोबर लावले, पॅनल दाबून बंद केलं, फ्यूज आणि बॅटरीची वायर परत लावली. बटणं पांढरीफेक लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रामकिसन काका आले. सतरंजीखाली बसून त्यांनी सगळी बटणं दाबून पाहिली.

"लख्ख हाय," ते म्हणाले. एक बटण परत दाबून म्हणाले, "बरं हाय."

'सेवादास असता तं' असं ते म्हणाले नाहीत. संघदीप वाट पाहत होता, पण ते म्हणाले नाहीत.

"जुने बल्ब ठेवले काय? बुढी म्हणे, जपून आणा."

"काढताना फुटले काका."

"सातही?"

"जुने होते."

काकांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. त्यांचं नाक आक्रसलं ते वासामुळे की आणखी कशामुळे, कळलं नाही. "फुटले," ते स्वतःशीच म्हणाले. "मंग आता तो राहीन कुठं?"

"कोण काका?"

"उजेड रे. उजेडच म्हणतो मी." त्यांनी गाडी सुरू केली आणि मागे न पाहता निघून गेले.

संध्याकाळपर्यंत संघदीपने तीन गाड्या केल्या. तिन्ही गिऱ्हाइकं खूश होती, एकानेही त्या माणसाचं नाव काढलं नाही. रस्त्यापलीकडे सेवादासच्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकत होती, आणि पहिल्यांदाच ती नुसती मोबाइलची कव्हरं दिसली. संघदीपला रूपाची आठवण आली. कालपासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. चूक आपलीच, त्याला आता स्वच्छ कळत होतं. मेलेल्या माणसावर संशय घेतला, तोही रंगाच्या एका शिशीवरून. स्टँडसमोर त्याने गरम भजे बांधून घेतले. कागदाला तेल सुटलं होतं. माफी मागायचं त्याला कधी जमलं नव्हतं, पण भजे पुढे केले की रूपाला समजतं.

दिवेलागणीची वेळ. गल्लीत लाइन गेलेली. कुणाच्या दारात मेणबत्ती, कुणी मोबाइलचा टॉर्च लावून पाणी भरत होतं. त्याचं घर गल्लीच्या टोकाला.

घरात उजेड होता.

कुसुंबी.

संघदीपचे पाय थांबले नाहीत. तो चालत राहिला. हापशीच्या पुढे आला तसा खिडकीतला उजेड मंदावला. आणखी एक पाऊल, आणि घर अंधारलं.

तो एक पाऊल मागे आला. उजेड आला.

पुन्हा पुढे. अंधार.

पुन्हा मागे. उजेड.

त्याने नजरेनेच दारापर्यंतचं अंतर मोजलं. अकरा पावलं.

दार उघडंच होतं, नुसतं लोटलेलं. खिडकीतून रूपा दिसत होती. भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ. खोलीत दिवा नव्हता, कंदील नव्हता, मेणबत्ती नव्हती. डाळीचा एक एक दाणा दिसत होता.

"रूपा."

"आले काय?" तिने मान वर केली नाही. "लाइन दुपारीच गेली."

"मंग हा उजेड कायचा?"

"कायचा म्हंजे?" ती म्हणाली. "दिसते ना."

तिचा आवाज नेहमीचाच होता. कालचा राग त्यात नव्हता. काल काही झालं होतं असंही त्यात नव्हतं.

त्याने पाऊल पुढे टाकलं. खिडकी काळी झाली. आत सुपाची सळसळ थांबली.

"अवो," अंधारातून रूपा म्हणाली, अगदी साधेपणाने, जसं रस्त्यात उभ्या राहिलेल्या माणसाला सांगतात. "तिथंच थांबा ना जरा. एवढं निवडून होऊ द्या."

संघदीप मागे सरला. उजेड आला. सूप पुन्हा हलू लागलं. रूपा थोडी डावीकडे सरकून बसली, भिंतीपाशी जागा करून दिल्यासारखी, आणि हसली. संघदीपकडे पाहून नाही.

हातातले भजे निवत होते. शेजारची बाई घागर घेऊन जाताना म्हणाली, "भाऊ, घरात काहून नाही जात?" तो उभा राहिला. पुढे गेलो तर तिला अंधार होईल, एवढंच त्याला कळत होतं.

मग लोटलेलं दार हळूच चौकटीत बसलं आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

रूपाचे दोन्ही हात सुपात होते.